राखून ठेवलेला आवाज

ठमी झोपली की आमच्या घरात चमचाही टेबलावर हळूच टेकवला जातो. आठ महिन्यांची आहे, पण कान मांजरीचे. शेजाऱ्यांनी कुलूप उघडलं तरी ही एक डोळा उघडते. त्यामुळे ती जन्मल्यापासून माझा रियाज न्हाणीघरात, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून, ओठ मिटून चालला होता. त्याला रियाज फक्त मी म्हणायचे. नवरा म्हणायचा, "फ्रिज आज जरा जास्तच घुमतोय का गं?"

पण सगळंच ठमीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ती तीन महिन्यांची असताना एकदा नवरा तिला घेऊन खाली फिरायला गेला होता. घरात मी एकटी. खिडक्या लावल्या, दोन्ही पाय रोवून उभी राहिले आणि वरचा सूर लावून पाहिला. पूर्वी त्या सुराला विचारावं लागत नसे, बोलावलं की हजर. त्या दिवशी तोंडातून नुसती हवा आली, सायकलचं चाक बसावं तशी. ऑपेराचा आवाज पोटातून उचलावा लागतो, आणि माझ्या पोटावर तेव्हा टाक्यांचा ताजा व्रण होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईल हळूहळू." तो 'हळूहळू' मी फारच मनावर घेतला. त्यानंतर मी तो सूर लावून पाहिलाच नाही. जोवर लावत नव्हते, तोवर तो गेला असंही म्हणता येत नव्हतं.

आणि आता हा आठवडाभराचा ऑपेरा अभ्यासवर्ग दारात येऊन उभा राहिला. माझी जागा ठमीच्या आधीची. वर्ग घेणाऱ्या बाईंनी तेव्हा माझं गाणं ऐकून मला निवडलं होतं, बाळंतपणामुळे मी ती एक वर्ष पुढे ढकलून घेतली होती. आता आणखी ढकलायला कारण नव्हतं. होतं ते सासूबाईंनी काढून टाकलं. त्यांनी स्वतःहून बॅग भरली.

"मी येते ठमीला सांभाळायला. तू आपली गा पोटभर!"

'पोटभर' ऐकून माझ्या टाक्यांच्या जागी कळ आल्यासारखी झाली.

वर्ग होता एका शाळेच्या वसतिगृहात. सुट्टीमुळे मुलं घरी गेलेली. लोखंडी कॉट, कपाटांच्या दारांवर कोरलेली बदामं, व्हरांड्यात एकच राहून गेलेला मोजा. पोचल्यापोचल्या मी खिडकीची कडी, प्लगची उंची, कॉटच्या कडा तपासल्या. मग तालमीच्या हॉलमधला आवाज आमच्या खोलीपर्यंत येतो का ते पाहिलं. येत होता. म्हणजे ठमी रडली तर मला ऐकू येणार. आणि मी गायले तर तिला.

आम्ही चौघं गायक. शनिवारी लोकांसमोर एका विनोदी ऑपेराचा पहिला अंक करायचा होता. एका तापट घड्याळजीचं घर, त्याची मुलगी, मुलीचा प्रियकर आणि मोलकरीण, एवढंच. मुलगी मी. घड्याळजी म्हणजे आमच्यातले, त्याच गावचे दंतवैद्य, खर्जाचा आवाज असलेला पन्नाशीचा माणूस. दिवसभर लोकांना 'आ करा' सांगतो आणि संध्याकाळी स्वतः आ करतो, असं स्वतःच सांगून स्वतःच हसायचे. प्रियकराचं काम करणारा तरुण उन्हातसुद्धा गळ्याला मफलर गुंडाळून फिरे, म्हणून तो मफलर. मोलकरीण झाली होती आमच्यातली सर्वांत लहान मुलगी. कॉलेजात शिकणारी, बारीक चणीची, टुणटुण उड्या मारणारी. तिला सगळे चिमणी म्हणत. तिला माझी भूमिकाही पाठ होती. कुणी आजारी पडलं तर असावं म्हणून बाईंनी ती तिच्याकडून आधीच करून घेतली होती. बाई सत्तरीच्या, पाठ ताठ, हातात काठी. काठी चालण्यासाठी नाही, जमिनीवर ताल आपटण्यासाठी.

सकाळी इटालियन उच्चारांचा तास झाला की हालचालींची तालीम असे. कोण कुठल्या दारातून येणार, दिवा कुणाच्या हातात, कुठल्या ओळीला वळायचं. हे सगळं अंगात बसेपर्यंत कुणी पूर्ण गळ्याने गात नाही. अर्ध्या आवाजात गातात, आणि वरच्या ओळी सरळ एक सप्तक खाली उतरवून. याला आमच्यात मार्किंग म्हणतात. आवाज काही यंत्र नाही, दिवसभर चालवला तर संध्याकाळी बसतो. दुपारी पियानोपाशी उभं राहिलं की मात्र खरं गायचं.

पहिल्या दुपारी तिघं खरे गायले. मी मार्किंगच केलं.

पियानोवाल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घसा धरलाय?"

"नाही... राखून ठेवतेय," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे.

काकांनी खांदे उडवले, पण दंतवैद्यांचे डोळे चमकले. मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन ते माझ्याजवळ आले. "ताई, मानलं तुम्हाला. आजकालची पोरं पहिल्याच दिवशी सगळा आवाज उधळून मोकळी होतात. ही शिस्त आता कुठे बघायला मिळते?"

मी हसले. हसण्याशिवाय काय करणार? माझं अर्धं लक्ष तसंही भिंतीपलीकडे होतं. ठमी रडत होती की पाण्याचा नळ वाजत होता, ते कळत नव्हतं. (नळच होता.)

दुसऱ्या दिवशीही तेच. तोवर दंतवैद्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की खरी कसलेली गायिका अशी असते, शनिवारशिवाय गळा उघडत नाही. मला वाटलं, हे फार वाढायच्या आत बाईंना गाठून खरं सांगून टाकावं. मी तशी निघालेही होते. तेवढ्यात जिन्यात चिमणी भेटली. चेहरा उतरलेला.

"ताई, एक विचारू? तुमच्या घरी तुम्ही गायला लागलात की शेजारच्यांच्या काचा हलतात?"

"कुणी सांगितलं तुला हे?"

"तुमच्या आईंनी. म्हणजे सासूबाईंनी. स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगत होत्या."

सासूबाईंनी माझं गाणं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. लग्नानंतर आम्ही राहायला दुसऱ्या शहरात गेलो, आणि त्या ठमीसाठी आमच्याकडे आल्या तेव्हा घरात फ्रिजच तेवढा गात होता. पण स्वयंपाकघरात चार बायका जमल्या, प्रत्येकीने आपापल्या माणसांचं काही ना काही सांगितलं, मग आमच्या सासूबाई मागे राहतील होय? काचा हलवून मोकळ्या झाल्या.

"मला तर बाई तुमच्या शेजारी उभं राहायचीच भीती वाटायला लागलीय," चिमणी म्हणाली. "मी आत्ताच सगळं गाऊन टाकलं आणि शनिवारी तुम्ही... मीपण उद्यापासून राखूनच ठेवते."

तिने ठेवला. ती राखतेय म्हटल्यावर मफलरला वाटलं, आपण एकटेच वेड्यासारखे ओरडतोय. त्यानेही आवाज खाली आणला. दंतवैद्य तर शिस्तीचे भोक्तेच. बुधवारी दुपारी आम्ही चौघं पियानोभोवती उभे राहून पहिल्या अंकाच्या शेवटचं चौघांचं गाणं इतक्या हळू गायलो, की खिडकीतल्या माशीची गुणगुण आमच्या वर ऐकू येत होती. ते गाणं भांडणाचं आहे. प्रियकर कपाटात सापडतो, बाप घड्याळ फेकून मारतो, मोलकरीण किंचाळते. आम्ही ते भांडण कानात सांगितल्यासारखं भांडलो.

पियानोवाल्या काकांनी झाकण लावलं. "हा ऑपेरा आहे की आजाऱ्याची खोली? माझा पियानो ओरडतोय आणि माणसं कुजबुजतायत!"

दारातून काठी आपटल्याचा आवाज आला. बाई कधीच्या येऊन उभ्या होत्या.

"कुणी काढलं हे खूळ?"

तिघांनी आदराने माझ्याकडे पाहिलं. तो आदर बघून मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"राखून ठेवायला आवाज म्हणजे काय लोणचं आहे?" बाई म्हणाल्या. "ऐका. शुक्रवारी संध्याकाळी पूर्ण अंक सलग होईल, पूर्ण आवाजात. त्या दिवशी जो गाईल तोच शनिवारी लोकांसमोर गाईल. बाकीच्यांनी पडदा ओढायचा." आणि जाता जाता माझ्यापाशी थांबून, हळू आवाजात, "चिमणीला तुझं काम येतं, लक्षात आहे ना?"

गुरुवार उजाडला. शुक्रवारी गायचं म्हणजे त्या सुराला हाक मारायची, आणि तो आला नाही तर कायमचं कळणार की आता तो येणार नाही. मग मी कोण? आठ महिने मी स्वतःला सांगत होते की मी गायिका आहे, सध्या जरा बाळात अडकलीय. ते 'सध्या' शुक्रवारी संध्याकाळी संपणार होतं.

दुपारी स्वयंपाकघरात सासूबाई ठमीच्या बाटल्या उकळत होत्या. ठमी त्यांच्या कडेवर. मी चिमटा घेऊन एक बाटली बाहेर काढली, ती हातातून निसटली, आणि मग मीही निसटले. सगळं सांगून टाकलं. टाके, हवा, सायकलचं चाक, सगळं.

त्यांनी निसटलेली बाटली परत उकळत्या पाण्यात टाकली. मग म्हणाल्या, "म्हणजे आवाज गेलाय?"

"माहीत नाही."

"गेला नाहीये?"

"तेही माहीत नाही."

"अगं बाई!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि मी त्या पोरीला काचांचं सांगून बसले! आता मला तोंड दाखवायला जागा नाही."

"तुम्हाला, आई?"

"मग काय तुला? तू तर बिचारी काही बोललीच नव्हतीस!"

मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसू आलं. त्याही हसल्या. ठमीला काही कळलं नाही, पण आपण मागे राहू नये म्हणून तीही हसली. हसून झाल्यावर त्या एकदम घरच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ, नाहीच लागला सूर, तर आपण शनिवारी सकाळचीच गाडी धरू. बॅग भरायला मला वेळ लागत नाही. पण उद्या मी हिला घेऊन लांब मैदानात जाते. हिच्या रडण्याचं निमित्त तुला मिळू द्यायचं नाही."

शुक्रवारी त्या खरंच गेल्या. भिंतीपलीकडची खोली रिकामी झाली आणि माझे कान एकदम बेकार झाले. ऐकायला काही उरलंच नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मार्किंगच करायचं, भूमिका चिमणीला जाऊ द्यायची, आणि पडदा मात्र असा ओढायचा की पाहणाऱ्यांनी म्हणावं, काय पडदा ओढते ही बाई!

अंक सुरू झाला. बाईंच्या धाकाने तिघंही कोंडलेलं पाणी सुटावं तसे गात होते. मफलरने मफलर काढून ठेवला होता, त्याच्या मानेवरच्या शिरा मी पहिल्यांदाच बघितल्या. चिमणीचा आवाज तर छताला जाऊन टोचत होता. त्यांच्यामध्ये मी अर्ध्या आवाजात ओठ हलवत होते. बाई समोरच्या खुर्चीत बसून काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बघत होत्या. माझ्याकडेच.

मग ते चौघांचं गाणं आलं. त्यात माझी एक ओळ पायऱ्या चढत वर जाते आणि त्या वरच्या सुरावर जाऊन थांबते. तो सूर संपता संपता घड्याळजीने त्याच सुरात, पण कितीतरी मजले खालून, गर्जना करत शिरायचं. दंतवैद्यांना सूर आपला आपण सापडत नसे. आठवडाभर ते माझ्याकडून तो उचलत होते, आणि मी खालच्या सप्तकात गात असल्यामुळे तो त्यांच्या अगदी हाताशी पडत होता. आता मात्र त्या गदारोळात मी त्यांना ऐकूच येत नव्हते.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला सवयच आहे कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघत राहायची. कुठे खरचटेल, कधी रडू फुटेल, हे आधी कळावं म्हणून. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. ओठ एक सूर पकडायचे, सोडायचे, दुसरा पकडायचे. अंधारात जिना उतरताना पाय पुढची पायरी चाचपतो ना, तसे. एक हात उगीचच कोटाचं बटण शोधत होता. हा माणूस आता पडणार, मला दिसलं. एवढा मोठा माणूस, सगळ्यांदेखत, चुकीच्या सुरात, तेही माझ्या शिस्तीवर विश्वास ठेवून.

पुढचं मी ठरवून केलं असं म्हणू शकत नाही. ठमी कॉटच्या कडेला आली की मी ठरवून धावते का? मी श्वास घेतला, तो पोटात जिथे जायला घाबरत होता तिथपर्यंत गेला, आणि मी त्यांना सूर दिला. वरचा. त्याच्या खऱ्या जागी. अख्खा.

तो माझा नव्हताच आधी. म्हणजे पूर्वी जो यायचा तो नव्हता. पूर्वीचा बारीक, लखलखीत होता. हा रुंद होता, त्याला कडेला थोडी खरखर होती, आणि तो आल्यावर हॉलमधल्या खुर्च्यांची पाठ मला जाणवली, समोरची भिंत जाणवली. आपण एखाद्या ओळखीच्या खोलीचं दार उघडावं आणि आत खोली वाढलेली असावी, तसं काहीतरी.

सूर संपला. आता दंतवैद्यांनी शिरायचं.

ते शिरलेच नाहीत. तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले. पियानो दोन पावलं एकटाच पुढे गेला आणि थांबला.

"डॉक्टर," बाई शांतपणे म्हणाल्या, "तोंड तर छान उघडलंय. आता त्यातून काहीतरी बाहेर काढा."

चिमणी खाली बसून हसायला लागली. मफलर टाळ्या वाजवत होता. दंतवैद्य म्हणत होते, "अहो, पण हा इथे खाली असतो ना! हा वर कधी गेला?" आणि मी विचारलं तर काय? "ठमी रडली का?"

कारण खिडकीत सासूबाई दिसत होत्या, ठमीला कडेवर घेऊन. लांब मैदानात त्यांचं मन काही लागलं नव्हतं.

"रडायला काय झालं तिला?" त्या खिडकीतूनच म्हणाल्या. "ढेकर दिली छानपैकी. आणि काचा नाही हलल्या हं, मी हात लावून बघत होते. पण माझ्या अंगावर काटा आला, तो बघ." त्यांनी हात पुढे करून खरंच दाखवला.

बाईंनी मला पियानोपाशी बोलावलं. मी ओरडा खायच्या तयारीने गेले.

"राखत बिखत नव्हतीस तू," त्या म्हणाल्या. "घाबरली होतीस."

"हो."

"मी ज्या मुलीला निवडलं होतं तिचा आवाज काचेच्या पेल्यासारखा होता. सुंदर, पण पाणी ओतायची भीती वाटायची. हा वेगळाय. यात माणसाला बसायला जागा झालीय." मग लगेच, मी फार सुखावू नये म्हणून, "सूर कच्चाय अजून. वर पोचताना घसरतेस, पोट मध्येच सोडून देतेस. उद्या कदाचित तुटेलही. तुटला तर तुटू दे. पण खाली उतरवलास तर मी प्रेक्षकांतून काठी फेकून मारीन."

शनिवारी हॉल भरला. वसतिगृहाचे कर्मचारी, गावातली मंडळी, दंतवैद्यांचे काही रुग्ण, गालात कापूस धरून आलेला एकजणही. नवरा सकाळच्या गाडीने आला होता. तो सासूबाईंच्या शेजारी दाराजवळ बसला, ठमी त्याच्या मांडीवर. अंक रंगला. कपाटाचं दार अडकलं, मफलर आतून गातच राहिला, लोकांना ते मुद्दाम केलंय असं वाटलं आणि ते पोट धरून हसले.

आणि ते गाणं आलं. मी पायऱ्या चढायला लागले आणि सवयीने आजूबाजूला बघितलं, कोण पडतंय. कुणीच पडत नव्हतं. दंतवैद्य पाय रोवून उभे होते. त्यांनी आदल्या दिवशी पियानोवाल्या काकांकडून तो सूर इतक्या वेळा घोटून घेतला होता, की आता त्यांना माझी काहीच गरज नव्हती. चिमणी मजेत होती. दाराजवळ ठमी बापाचा चष्मा ओढत होती, आणि बापाचं तिच्याकडे नीट लक्ष होतं. सगळं सुखरूप. कुणासाठी धावायचं नव्हतं, कुणाला वाचवायचं नव्हतं. काल निदान निमित्त होतं. आज फक्त तो सूर होता आणि तो लावायची माझी इच्छा होती, बस्स.

एवढंसं कारण पुरेल का, हे मला कळेना. तेवढ्यात ओळीचं टोक आलं.

मी श्वास घेतला आणि लावला. सुरुवातीला तो थोडा हलला, बाई म्हणाल्या होत्या तसा घसरला, मग त्याला त्याची जागा सापडली आणि तो उभा राहिला. जेवढा वेळ धरायला सांगितला होता तेवढा मी धरला. पियानोवाल्या काकांनी पुढचं वाजवायला हात उचलले. मी सोडला नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, हात तसेच हवेत. दंतवैद्य छाती भरून माझी वाट बघत होते, त्यांचे कान लाल व्हायला लागले होते.

मी आणखी थोडा धरला.